हातात पत्ते असलेला माणूस

मोहने,
१२ जानेवारी २०२६

चि. राजरत्न यास,
सप्रेम जयभीम.

तीन वर्षं दोन महिन्यांनी तुला पत्र लिहिते आहे, आणि तेही रागावून. फोन लावता आला असता. पण फोनवर मी काय बोलते ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला.

मेघाली नावाची एक मुलगी गेल्या सोमवारपासून मला रोज फोन करते आहे. पहिल्या दिवशी म्हणाली, "काकी, भारतीय पोकर सन्मान मंडळातून बोलतेय." मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी हॅलो म्हणायच्या आत ओरडली, "काकी, ठेवू नका ना! ओटीपी नाही मागत मी! चेंदणी कोळीवाड्यातली आहे, ठाण्यातलीच, येऊन दाखवू का तोंड?" मला हसू आलं, तिथंच माझं चुकलं. तेव्हापासून रोज.

ती म्हणते, देशात हा खेळ खेळलेले आजवरचे सगळ्यांत मोठे नऊ खेळाडू निवडले आहेत. नऊच का, तर शेवटच्या टेबलाला नऊ खुर्च्या असतात. त्यातले दोघे वारले. त्यांच्या खुर्च्यांना हार घालून त्या रिकाम्या ठेवणार. उरलेल्या सातांत तू. ८ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी अकरा वाजता, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या हॉटेलात कार्यक्रम. खेळ नाही, नुसता सत्कार. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदीचा कायदा झाल्यापासून निम्मे खेळाडू नोकऱ्या शोधताहेत म्हणे, तर निदान मोठ्यांचा मान राखावा. मला आपली रेयॉनची कंपनी आठवली. तिचेही गुण लोकांना ती बंद पडल्यावरच आठवले. तुझ्या पप्पांचा निरोपसमारंभ राहिला तो राहिलाच.

मग कुरियरनं एक फॉर्म आला. "चिरंजीवांमधील असामान्य प्रतिभेची जाणीव प्रथम केव्हा झाली?" मी लिहिलं, झाली नाही. "बालपणीचे आवडते खेळणे?" स्टोव्हची पिन, काढून घेतली. "दबावाच्या क्षणी त्यांची एखादी खास सवय?" ती जागा मी कोरी सोडली. ती सवय मला माहीत आहे. शाळेत बाईंनी छड्या मारल्या तरी तुझे डोळे कोरडे असायचे, पण डाव्या पायाची टाच उचलून जमिनीवर टकटक टकटक चालायची. तुला स्वतःला ते कळायचं नाही. मेघालीला मी हे सांगितलं नाही. उद्या छापून आलं तर समोरचे आठ जण टेबलाखाली वाकून बघतील.

हे सगळं मी भरून दिलं असतं. पण फॉर्मला जोडून तुझं मानपत्र आहे. त्यातला मजकूर तुला पाठ असेल, तरी लिहिते: "वडील रुग्णालयात अखेरच्या घटका मोजत असताना, ते दुःख उरात ठेवून राजरत्न ओव्हाळ अंतिम टेबलावर सहा तास खेळत राहिले. चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. त्या दिवसापासून हा खेळाडू 'पत्थर' या नावाने ओळखला जातो." खाली ओळ, "मजकूर बरोबर आहे", आणि माझ्या सहीची जागा.

मी मेघालीला विचारलं, "हे कुणी सांगितलं तुला?"

"काकी, सगळ्यांना माहितीये. लेजेंडरी स्टोरी आहे ती! सर त्या स्टोरीमुळेच तर सर आहेत."

"तो काय म्हणाला?"

"सर कधी हो म्हणत नाहीत, कधी नाही म्हणत नाहीत. मी ड्राफ्ट पाठवला तर एकच ओळ आली. आईला विचारा, ती म्हणेल ते छापा."

ही कसली रीत, राजा? तीन वर्षं बोलायचं नाही, आषाढात वर्षावास सुरू झाला की कुरियरनं एक पुस्तक पाठवायचं, त्यात चिठ्ठीसुद्धा नाही, आणि आता परक्या मुलीच्या हातून "आईला विचारा"? मी सही केलेली नाही. तुझं मानपत्र आहे, तूच काय ते सांग. मला यात ओढू नको.

तुझी आई


मोहने,
१९ जानेवारी २०२६

चि. राजरत्न,
जयभीम.

उत्तर नाही. असो.

तुझ्या सत्काराची बातमी नळावर पोचली. मेघालीनं मला फोन केला तेव्हा मी स्पीकरवर ठेवला होता, डाळ घोटत होते. संध्याकाळी तुझी आत्या दारात. कमळाबाईंना आता चौऱ्याहत्तरावं लागलंय, गुडघे गेलेत, पण भांडायला जिना चढता येतो.

"काय गं रंभे, तुझ्या लेकाला जुगाऱ्यांचा मुकुटमणी करतायत म्हणे?"

"सत्कार आहे, आक्का."

"कसला सत्कार? बाप सरणावर आणि हा पत्त्यांवर, त्याचा? तू विहारात बसून आम्हाला ग्रंथ वाचून दाखवतेस. माणसाचा संसार बुडवणाऱ्या गोष्टींत जुगार येतो की नाही येत? तूच वाचलंस ना आषाढात?"

"येतो."

"मग?"

मग काय? चहा टाकला. प्यायल्या, साखर कमी म्हणाल्या, गेल्या.

त्यांचा राग खोटा नाही. भाऊ होता त्यांचा. पण तोच राग तीन वर्षं त्याच शब्दांत ऐकायचा म्हणजे माझ्या कानांची परीक्षा आहे. त्या दिवशीही त्याच बोलल्या. १० नोव्हेंबर, दुपारचा पाऊण. तू दारात उभा राहिलास, अंगात खेळायला घालतोस तोच कोट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र अजून लटकत होतं. आम्ही स्मशानातून येऊन दोन तास झाले होते. आत्या भर चाळीसमोर म्हणाल्या, "आलास? जा, राख निवली असेल, बघून ये. बाप मेला तरी पत्त्यांवरून उठला नाहीस!" तू त्यांच्याकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं.

काल सुधीरभावजी आले होते. पप्पांचा मेंढीकोटातला भिडू, चौघांतला एकटाच उरलेला. हल्ली दिवा गावात लेकीकडे असतात. "वहिनी, दोन दिवस पाणी नाही आमच्या बिल्डिंगला, म्हटलं तुम्हाला भेटतो आणि आंघोळही करतो." आंघोळ आधी केली, भेटले नंतर. त्यांना मी मानपत्र दाखवलं. डोक्याला टॉवेल गुंडाळून त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही नियम पाळलात. सीताराम असता तर पाठ थोपटली असती."

नियम तुला माहीत आहे. कंपनीच्या गेटाबाहेर पिंपळाखाली चौघे बसायचे. भोंगा झाला तरी हातातला डाव संपवूनच उठायचे. हातात पत्ते असलेल्या माणसाला कुणी बातमी सांगायची नाही. चांगली असो, वाईट असो. एकट्याचा डाव असता तर गोष्ट वेगळी, पण मेंढीकोटात आपण चुकलो की भिडूही बुडतो. सुधीरभावजींची मुलगी झाली तेव्हा निरोप घेऊन धावत आलेला माणूस तसाच उभा राहिला, घाम पुसत, तेरावं पान पडेपर्यंत. मग म्हणाला, मुलगी झाली. ही गोष्ट पप्पा पाव्हण्यारावळ्यांना सांगायचे, जणू काही शौर्याचं काम.

आणि दवाखान्यातही त्यांनी मला हेच सांगितलं. ९ तारखेला सकाळी, नाकातली नळी बाजूला सारून. "पोराला हाक मारू नको. डाव चालू आहे त्याचा." मी नवऱ्याचा शब्द पाळला. यात माझं काय चुकलं ते कुणीतरी मला सांगावं.

तुझी आई


मोहने,
२७ जानेवारी २०२६

राजरत्न,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं हात घालून परत काढावं. घातलाही. पेटीचं तोंड अरुंद असतं.

त्या पत्रात खोटं एक अक्षर नाही. पण खरंही पुरतं नाही.

तुझ्या ट्रंकेत एक इंग्रजी पुस्तक राहिलं होतं. हिरवं, पाठीवर चहाच्या कपाची गोल खूण. पप्पा गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मी ते काढलं. का काढलं ते सांगता यायचं नाही. घरात दोन माणसांचा आवाज नव्हता. मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन वाण्याच्या पुडीवर आणि पप्पांनी आणलेल्या शिळ्या पेपरांवर झालं. इंग्रजी म्हणजे दुकानांच्या पाट्या. शेजारच्यांची जुनी डिक्शनरी मागून आणली आणि रोज अर्धं पान लावत गेले. एका शब्दाचे सात अर्थ, आणि सातही त्या वाक्यात बसत नाहीत. चिडून किती वेळा मिटून ठेवलं. कल्याणच्या वाचनालयात विचारलं की या खेळावर मराठीत काही आहे का, तर त्या बाई म्हणाल्या, "काकू, पोकर? रांगोळीचं नवीन आलंय, बघता का?"

तीन वर्षांत पुस्तक संपत आलं आहे. मला वाटायचं, मोठा खेळाडू म्हणजे सगळं पुढे ढकलून छातीठोक बसणारा. पुस्तकवाला म्हणतो तसं नाही. मोठा खेळाडू दहातले आठ डाव खेळतच नाही. पत्ते बघतो, पालथे ठेवतो, गप्प बसतो. चांगलं पान हातात असून वेळ बघून ते खाली ठेवता येणं, हे सगळ्यांत अवघड. हे वाचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तू करतोस ते काहीतरी काम आहे.

पण त्याच्या आधी एक पान लागलं होतं. एकशे बेचाळीस. तिथं लिहिलं आहे की दर दोन तासांनी सगळ्यांना पंधरा मिनिटं सुट्टी असते. तेवढ्या वेळात कुणाच्याही हातात पत्ते नसतात.

हे वाचायच्या आधी मला माहीत नव्हतं असं मी स्वतःला सांगत होते. पण मला माहीत होतं. कारण तू फोन केला होतास.

आता लिहिते. एकदाच लिहीन.

त्या दिवशी मी पप्पांच्या खाटेजवळ बसून मोबाइलवर बघत होते. नावांची यादी असायची, एकेक नाव गळत जायचं. पाच वाजता त्यांनी विचारलं, "किती उरले?" मी म्हटलं, पाच. ते म्हणाले, "अजून एक गेला की मेंढीकोट जमेल." आणि हसले. हसताना खोकला आला. तो थांबला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. पाच चाळीसला डॉक्टरांनी सांगितलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला.

"आई, पप्पा कसे आहेत?"

"झोपलेत."

"उठवू नको मग. उठले की सांग, चौघे उरलोय."

"हो."

एवढंच. सुट्टी होती, तुझ्या हातात एकही पान नव्हतं. नियमाचा काही संबंध नव्हता. पप्पांनी सकाळी सांगितलं ते खेळत असलेल्या माणसाबद्दल होतं. मी त्या शब्दामागे तीन वर्षं लपून बसले.

का बोलले तशी? तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आम्ही दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये होतो. नर्सला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, सुधीरभावजींना माहीत होतं. ज्याला ज्याला कळत होतं त्याच्यासाठी ते जात होते. तू विचारलंस "कसे आहेत" आणि मला वाटलं, जगात एक तरी माणूस असा आहे ज्याच्यासाठी हे अजून जिवंत आहेत. थोडा वेळ राहू देत. तासभर.

तो तास मग मला मोडता येईना. रात्रीत मी तुला फोन केला नाही. सकाळी सात वाजता सुधीरभावजींनी केला. आत्या म्हणाल्या, "ज्याला यायचं होतं तो कालच निघाला असता, कुणासाठी थांबायचं?" आणि मी सगळ्यांत मोठं पाप तेव्हा केलं. "त्याला माहीत नाही" हे तीन शब्द मी बोलले असते तर ते दुपारपर्यंत थांबले असते. मी पदर तोंडाला लावून बसले. लोकांना वाटलं रडते आहे.

दुपारी दारात तू माझ्याकडे बघितलंस, मी खाली बघितलं, हे मागच्या पत्रात लिहिलं. खाली बघितलं म्हणून काय दिसलं ते लिहिलं नाही. चाळीतले सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि म्हणत होते, बघा, डोळ्यांत टिपूस नाही. मला तुझा डावा बूट दिसत होता. टाच चालली होती. इतकी की पायरीवरची फरशी वाजत होती.

आई

ता. क. तू उलटून एक शब्द बोलला नाहीस, याचा मला राग आहे. तूही भांडायला हवं होतंस.


मोहने,
४ फेब्रुवारी २०२६

चि. राजरत्न,

कुरियर आलं. मला वाटलं उत्तर. उघडलं तर मोठ्या अक्षरांची इंग्रजी-मराठी डिक्शनरी. पानं उलटून उलटून बघितली, चिठ्ठी नाही. अरे, एक ओळ लिहायला काय झालं होतं? "पत्र मिळालं" एवढंही नाही? माणसानं आपलं काळीज उकलून पाठवायचं आणि बदल्यात शब्दकोश!

अक्षर चांगलं आहे. चष्मा न लावता दिसतं.

मी मेघालीला फोन करून सांगितलं की मानपत्रातलं ते खोटं आहे, छापू नका. ती म्हणाली, "काकी, बॅनर छापून आलाय. पंधरा फुटांचा. पत्थर."

"मग उलटा लावा."

"काकी, मस्करी नका करू. मी संदेश सरांना विचारते." संदेश म्हणजे त्यांचे अध्यक्ष. तासाभरात तेच फोनवर. फार गोड बोलतात. "माताजी, भावना समजतो. पण कमिटीनं नाव निवडलं ते त्या प्रसंगामुळे. इतके जण टूर्नामेंट जिंकतात. तो प्रसंगच नव्हता असं ठरलं तर त्या खुर्चीचा पुनर्विचार करावा लागेल. तुम्ही आई आहात. मुलाचं नुकसान का करता? तुम्ही फक्त सही करू नका, आम्ही सांभाळून घेतो."

म्हणजे मी गप्प राहायचं. ते मला जमतं, सराव आहे.

दोन दिवस मी काही खाल्लं नाही नीट. मी बोलले तर तुझी खुर्ची जाते. नाही बोलले तर बाप मरत असताना बसून राहिलेला म्हणून तुझं नाव कायमचं लागतं, आणि लोक टाळ्या वाजवतात. तुला विचारावं तर तू डिक्शनरी पाठवतोस.

शेवटी मेघालीला म्हटलं, "सही राहू दे. मला स्टेजवर दोन मिनिटं देशील का? आईचे आशीर्वाद म्हणून." ती म्हणाली, "काकी, तुम्ही आशीर्वादच देणार ना?" मी म्हटलं, "तुझ्या आजीलाही असंच विचारलं असतंस का?" ती म्हणाली, "आजीला ओळखत नाही तुम्ही, ती पण अशीच आहे. देते दोन मिनिटं."

कमळाआक्कांनाही बरोबर आणते आहे. त्यांना म्हटलं, चला, बघायला तरी चला. "बघायला म्हणजे? जाब विचारायला येते," म्हणाल्या. नवीन लुगडं काढलंय.

आई


मोहने,
९ फेब्रुवारी २०२६, सकाळ

राजा,

हे पत्र पोस्टात जायचं नाही. तरी लिहिते, कारण तोंडानं मला अजून सगळं येत नाही, आणि कालचं तू स्टेजवरून बघितलंस, मी खालून. दोन्ही बाजू कागदावर असाव्यात.

गोल टेबल, हिरवं कापड, नऊ खुर्च्या. दोन हारांच्या. तू डावीकडून तिसरा. मागे तो बॅनर, तुझ्या डोक्यावर पत्थर लिहिलेलं. आक्का पहिल्या रांगेत बसून बिस्किटं खात होत्या. तीन वर्षांनी भाच्याला बघून त्यांचं बिस्कीट हातात राहिलं, पण मान वळवली त्यांनी.

संदेशनी खाली पहिल्या रांगेतच माईक आणून दिला तेव्हा माझ्या हातात लिहिलेला कागद होता. चष्मा घरी राहिला. म्हणून वाचलं नाही, बोलले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही म्हणून मेघालीकडून फोनवरचं रेकॉर्डिंग मागून ऐकलं. असं आहे:

"मी रंभा सीताराम ओव्हाळ. तुम्ही लिहिलंय, बाप मरत होता आणि हा बसून राहिला. याला माहीत नव्हतं. यानं फोन केला होता. बाप गेल्याला अर्धा तास झाला होता, आणि मी याला सांगितलं, झोपलेत. मला माझा नवरा तेवढा वेळ आणखी हवा होता. म्हणून हा अग्नी द्यायला पोचला नाही. लोक बोलले तेव्हा मी खाली बघितलं. याच्या हातात पान होतं. एकदा दाखवलं असतं तर हा सुटला असता आणि चाळीत माझं तोंड काळं झालं असतं. तीन वर्षं यानं ते पालथं ठेवलं. तुम्ही म्हणता तो दगड हा नाही. त्या कारणासाठी खुर्ची दिली असेल तर काढून घ्या. पण तुमच्याच पुस्तकात लिहिलंय की चांगलं पान खाली ठेवता येतं तो मोठा. त्याप्रमाणे बघायचं असेल तर बघा. जयभीम."

रेकॉर्डिंगमध्ये मग कुणीतरी खोकतं. संदेश माईककडे यायला निघाले होते, काहीतरी सांभाळून घ्यायला. तेवढ्यात तुझ्या शेजारचे ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, तुमच्यातले सगळ्यांत जुने, त्यांनी टेबलावर दोन बोटांच्या पेरांनी ठोकलं. ठक ठक. मग पलीकडच्यांनी. मग सगळ्यांनी, तू सोडून. आक्का घाबरून म्हणाल्या, "काय गं, हाकलून देतायत का?" मी म्हटलं, नाही आक्का. पुस्तकात आहे हे. समोरच्यानं डाव चांगला खेळला की हे लोक टाळी वाजवत नाहीत, टेबल ठोकतात. संदेश मग बसले. खुर्चीचं कुणी काही बोललं नाही.

मेघाली रडत होती. सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते, आता तरी काही हलतं का. काही हललं नाही. मी टेबलाखाली बघत होते.

तिथं काय दिसलं ते आपल्यात राहील.

गाडीत आक्का मुंब्र्याच्या खाडीपर्यंत नव्या लुगड्याचा काठ सारखा करत होत्या. मग माझ्यावर उखडल्या. "तीन वर्षं मला बोलू दिलंस तू? माझ्या तोंडून नको नको ते वदवून घेतलंस, रंभे! वर माझ्यासमोर बसून चहा पाजलास!" मी म्हटलं, हो आक्का. "आणि साखर कमी घातलीस!" तेव्हा पुढच्या सीटवर तू हसलास. तो आवाज मी विसरले होते. पप्पांसारखा आहे, शेवटी खोकल्यासारखा होणारा.

घरी आल्यावर तू विचारलंस तेवढ्याचं उत्तर मी दिलं, आणि मी विचारलं त्याचं तू. "का नाही सांगितलंस लोकांना?" तू म्हणालास, "तुझं पान होतं, आई. दाखवायचं की नाही ते मी कसं ठरवणार?" इतकं सरळ की मला परत राग आला. आणि मग तू विचारलंस, "मी सांगितलेलं, चौघे उरलोय म्हणून. ते त्यांना कळलंच नाही ना?" मी तुला पाच वाजताचं त्यांचं बोलणं पत्रात लिहिलं होतं, तरी परत सांगायला लावलंस. दोनदा. मेंढीकोट जमेल म्हणाले. हसले. हो, हसले होते, नक्की.

आता साडेआठ वाजलेत. आत्ताच आक्का येऊन गेल्या. हातात शेवयांच्या खिरीचं पातेलं, तुझ्यासाठी. तीन वर्षांत या घरात त्यांनी काही आणलं नव्हतं.

"उठव त्याला. गरम आहे तोवर खाऊ दे."

मी म्हटलं, "झोपलाय. उठवू नका."

त्या उंबऱ्यात थांबल्या. माझ्याकडे बघितलं, असं की मला कळलं यापुढे माझ्या शब्दाची किंमत काय राहणार आहे. "झोपलाय म्हणतेस?" चपला काढल्या, गुडघ्यावर हात ठेवत आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, वाकून बघितलं. बराच वेळ बघत होत्या. मग पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या.

"खरंच झोपलाय गं," म्हणाल्या.

पातेलं झाकून ठेवलं आहे. हे पत्र तुझ्या उशाशी ठेवायला आले होते. चादर पायावरून सरकली आहे. डावी टाच उघडी आहे. हलत नाही.

आई